घरमालकानं केलेलं गॅसचं कच्चं काम: नागपुरातल्या भाडेकरूंनी काय करायचं, क्रमानं

नागपुरात भाड्याचं घर बघताना आपण नळ किती वाजता येतो, कूलरसाठी खिडकीबाहेर स्टँड आहे का, पार्किंग मिळेल का, हे सगळं विचारतो. गॅसचं काम कोणी केलंय हे कोणी विचारत नाही. राहायला गेल्यावर दिसतं, की ओट्याखाली भिंतीला भोक पाडून रबरी नळी बाल्कनीतल्या सिलिंडरपर्यंत नेलीय आणि त्याच नळीला मध्ये फाटा काढून बाथरूममधला गिझर जोडलाय. घरमालकाला विचारलं की उत्तर ठरलेलं: "अहो, आपलाच प्लंबर आहे, वीस वर्षांपासून करून राहिला. काही नाही होत."

मनीषनगरकडच्या एका फ्लॅट स्कीममध्ये भाड्यानं राहताना मी हे सगळं निस्तरलंय. गॅसच्या कामावर घरमालकाशी तोंडी वाद घालून हाती काही लागत नाही. तो म्हणतो काम चांगलं आहे, तुम्ही म्हणता वाईट आहे, आणि घर त्याचं असतं. गॅस एजन्सीच्या मेकॅनिकनं लिहिलेल्या चार ओळी मध्ये आल्या की मात्र बोलण्याचा सूर बदलतो. त्या चार ओळी मिळवायच्या कशा आणि मिळाल्यावर काय करायचं, ते पुढे दिलंय. आत्ता घरात वास येत असेल तर फक्त पहिला टप्पा वाचा आणि बाहेर पडा.

१. वास येतोय: पहिली काही मिनिटं

- शेगडी, देवापुढचा दिवा, उदबत्ती, जे काही पेटलेलं असेल ते विझवा.
- रेग्युलेटर बंद करा. जमत असेल तर तो काढून सिलिंडरच्या तोंडावर प्लास्टिकची सेफ्टी कॅप बसवा. ही कॅप दोऱ्यानं सिलिंडरलाच बांधून येते. बहुतेक घरांत ती पहिल्याच दिवशी कापून फेकतात. तुम्ही फेकू नका.
- दारं-खिडक्या सताड उघडा.
- विजेचं कुठलंही बटण चालू करायचं नाही आणि बंदही करायचं नाही. उन्हाळ्यात कूलर चालू असेल तर तो तसाच राहू द्या. बटण बंद करतानाही ठिणगी पडते.
- घरातल्या सगळ्यांना घेऊन बाहेर मोकळ्यावर जा आणि मगच मोबाइल हातात घ्या. गळतीसाठी १९०६, चोवीस तास. आग लागली असेल तर १०१ किंवा ११२.

एलपीजी हवेपेक्षा जड असतो. तो पाण्यासारखा खाली साचतो, ओट्याखाली, दिवाणाखाली, जिन्याच्या तळाशी. म्हणून वरची खिडकी उघडी आहे म्हणजे झालं असं समजू नका. दार उघडणं जास्त कामाचं. हवेत साधारण २ ते ९ टक्के एलपीजी मिसळला की एक ठिणगी पुरते, त्यामुळे ‘वास घालवायला’ एक्झॉस्ट फॅन लावणं हा सगळ्यात घातक उपाय आहे. पाइपनं येणारा नैसर्गिक गॅस उलट हलका असतो आणि छताकडे जातो. पण नागपुरातल्या बहुतेक भाड्याच्या घरांत अजून सिलिंडरच आहे, म्हणून पुढचं सगळं सिलिंडर धरून लिहिलंय.

कनेक्शन मालकाच्या नावावर असलं तरी १९०६ ला फोन करायला संकोच करू नका. एजन्सीचं नाव, पूर्ण पत्ता आणि जवळची खूण सांगा आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवा. येणारा माणूस गळती थांबवतो. मालकाची अख्खी लाइन तो दुरुस्त करून देत नाही, ती अपेक्षा धरू नका.

२. वास न येणारा धोका: बाथरूममधला गॅस गिझर

हा भाग मी मुद्दाम लांबवतेय, कारण याच बाबतीत घरमालक सगळ्यात निर्धास्त असतात.

डिसेंबर-जानेवारीत नागपूरचा पारा दहाच्या खाली उतरतो आणि सकाळच्या गरम पाण्याची सोय लागतेच. विजेचा गिझर बसवायचा तर जाड वायर, वेगळा पॉइंट, नीट अर्थिंग असं काम निघतं. गॅस गिझर मात्र एका दुपारीत भिंतीवर चढतो. म्हणून भाड्याच्या घरात तो दिसतो, आणि पाण्याची लाइन तिथेच असते म्हणून बाथरूमच्या आतच दिसतो.

बंद बाथरूममध्ये गिझर पेटला की तो त्या खोलीतला ऑक्सिजन वापरतो. ऑक्सिजन कमी पडला की गॅस पुरता जळत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. एलपीजीला जो वास असतो तो मुद्दाम मिसळलेल्या मर्कॅप्टन नावाच्या रसायनाचा असतो, गळती कळावी म्हणून. जळून तयार झालेल्या विषारी वायूला असा कुठलाच वास येत नाही. त्यामुळे "वास येऊन राहिला का? नाही ना? मग लीकेज कुठं आहे?" हा मालकाचा युक्तिवाद इथे लागूच पडत नाही. नळी, जोड, रेग्युलेटर सगळं चोख असलं तरी बंद बाथरूममधला गिझर माणूस मारू शकतो.

लक्षणं ओळखा: आंघोळीनंतर डोकं दुखणं, मळमळ, चक्कर, हातापायांतलं बळ गेल्यासारखं वाटणं, आणि मोकळ्या हवेत आलं की बरं वाटणं. घरातल्या दोघा-तिघांना पाठोपाठ असं होत असेल तर पित्त झालं म्हणून सोडून देऊ नका. कोणी आत बेशुद्ध सापडलं तर आधी दार उघडून त्याला बाहेर हवेत आणा, मग १०८ ला फोन. मेडिकल, मेयो, एम्स किंवा जवळचं जे असेल त्या रुग्णालयात पोचल्यावर पहिलं वाक्य "बाथरूममध्ये गॅस गिझर चालू होता" हे असू द्या. बोटाला लावायचं साधं ऑक्सिमीटर या विषबाधेतही ऑक्सिजन व्यवस्थित असल्याचा आकडा दाखवू शकतं, म्हणून ही माहिती डॉक्टरांना मिळणं फार गरजेचं असतं.

कायमचा उपाय दोनच: गिझर उघड्या बाल्कनीत किंवा बाहेरच्या मोकळ्या भिंतीवर हलवून फक्त गरम पाण्याचा पाइप आत आणणं, नाहीतर विजेचा गिझर बसवणं. तोवर बाथरूमचं दार उघडं ठेवून बादली भरून घ्या, गिझर बंद करा, थोडा वेळ हवा जाऊ द्या आणि मगच आंघोळ करा. गिझर चालू ठेवून शॉवर नको. लहान मुलांना आणि म्हाताऱ्या माणसांना तर अजिबात नाही. ज्योत निळी असायला हवी. ती पिवळी दिसली, किंवा गिझरच्या तोंडाशी काजळी धरली, तर त्याच दिवशी वापर थांबवा.

एक्झॉस्ट फॅन लावून देतो, असं मालक म्हणेल. फॅन असलेला बरा, पण त्यानं बाथरूमच्या आतला गिझर सुरक्षित होत नाही. आतली हवा बाहेर काढायची तर बाहेरची आत यायला जागा लागते, आणि आपल्याकडे थंडीत दाराखालच्या फटीतसुद्धा फडकं कोंबतात.

३. बघा, फोटो काढा, हात लावू नका

दिवसाउजेडी खालच्या गोष्टी तपासा. काहीही उघडायचं, पिळायचं, ओढायचं नाही.

- नळी: एजन्सी देते ती नारिंगी सुरक्षा ट्यूब आहे का? तिच्यावर आयएसआय खूण, आयएस ९५७३ हा क्रमांक आणि बनवल्याचं वर्ष छापलेलं असतं. पाच वर्षांनी ती बदलायची असते. लांबी दीड मीटरच्या वर नको. हिरवी, पारदर्शक किंवा बागेत पाणी घालायची नळी असेल तर शंकेला जागाच नाही.
- भिंतीतून जाणारी रबरी नळी: चूक. धातूची पाइपलाइन टाकणं मुळात चुकीचं नाही, पण दोन्ही टोकांना व्हॉल्व्ह, भिंतीतून जाते तिथे बाहेरून दुसऱ्या पाइपचं कवच, आणि काम झाल्यावर दाबाची चाचणी, एवढं हवंच. चाचणी कोणी केली या प्रश्नाला मालकाकडे बहुधा उत्तर नसतं.
- फाटे: एका नळीला टी लावून शेगडी आणि गिझर दोन्ही चालवलेत का?
- रेग्युलेटर: घरगुती रेग्युलेटर कमी दाबाचा असतो. हॉटेलच्या भट्टीला वापरतात तसा, गोल चाकी फिरवून दाब वाढवायचा रेग्युलेटर घरातल्या शेगडीला लावला असेल तर लगेच वापर बंद करा.
- सिलिंडरची जागा: उभा आहे का? शेगडीच्या पातळीपेक्षा खाली आहे का? बंद कपाटात असेल तर त्या कपाटाला तळाशी हवेची भोकं आहेत का? तळघरात, खड्ड्यात किंवा जिन्याखालच्या कोंदट जागेत तो नकोच.
- हवा: स्वयंपाकघराच्या एकुलत्या एका खिडकीत कूलर बसवून बाकीचा भाग प्लायवूडनं बंद केलाय का? आपल्याकडे मार्च ते जून हे सर्रास होतं. खालून हवा जायला वाट ठेवा.
- सिलिंडरवरची तारीख: वरच्या कड्याच्या आतल्या पट्टीवर ‘बी २७’ असं काहीतरी लिहिलेलं असतं. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, सी म्हणजे जुलै ते सप्टेंबर, डी म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर, आणि पुढे वर्ष. ती मुदत उलटलेला सिलिंडर घेऊ नका.

जोडावर गळती आहे का बघायचं असेल तर साबणाचा फेस लावा आणि बुडबुडे येतात का पाहा. काडी पेटवून बघणारे अजून आहेत. मालकाचा प्लंबर तसं करायला लागला तर त्याला हाताला धरून घराबाहेर काढा, वाईटपणा आला तरी चालेल.

फोटो दोन प्रकारे काढा: एक जवळून, एक लांबून, म्हणजे ते तुमच्याच घरातलं आहे हे ओळखू येईल. शक्य तर राहायला आलात त्याच आठवड्यात. नंतर "हे तुम्हीच करून घेतलं" असं ऐकायची पाळी येत नाही.

४. कनेक्शन कोणाच्या नावावर आहे?

घरमालक "गॅस आहेच, वेगळा घ्यायची गरज नाही" म्हणतो तेव्हा बरं वाटतं. पण त्याच्या नावावरचं कनेक्शन तुम्ही वापरताय म्हणजे मेकॅनिकला बोलवायचा, तक्रार करायचा, नळी बदलून घ्यायचा सगळा मार्ग त्याच्या मोबाइल नंबरवरून जातो. शिवाय २००० सालच्या एलपीजी पुरवठा व वितरण नियमन आदेशाप्रमाणे घरगुती कनेक्शन ज्याच्या नावावर आहे त्यानं ते परस्पर दुसऱ्याला द्यायचं नसतं.

दुसरा मुद्दा विम्याचा. एलपीजी अपघातांसाठी तेल कंपन्या सामूहिक विमा काढतात, ग्राहकाला त्याचा वेगळा हप्ता नसतो. मृत्यू झाल्यास प्रतिव्यक्ती ६ लाख, उपचारांसाठी प्रतिव्यक्ती कमाल २ लाख आणि एका घटनेत एकूण ३० लाखांपर्यंत, मालमत्तेच्या नुकसानीसाठी एका घटनेत कमाल २ लाख रुपये, अशी त्याची रचना आहे. मालमत्तेची भरपाई अधिकृत ग्राहकाच्या नोंदवलेल्या पत्त्यापुरतीच असते. महालातल्या वाड्याच्या पत्त्यावरचा सिलिंडर मालकानं बेसा रोडच्या फ्लॅटमध्ये आणून ठेवला असेल तर पुढचा वाद तुम्हीच कल्पून बघा.

म्हणून स्वतःचं कनेक्शन घ्या. ओळखपत्र, केवायसी फॉर्म आणि पत्त्यासाठी भाडेकरार चालतो. त्याच पत्त्यावर आधीच मालकाचं कनेक्शन असेल तर एजन्सी ते आधी हलवायला सांगू शकते. हे घर घेतानाच बोलून घ्या.

हिंगणा रोड, नंदनवन, मेडिकल चौक या भागांत खोली करून राहणाऱ्या पोट्ट्यांसाठी: घरमालकानं किंवा कोपऱ्यावरच्या दुकानानं मोठ्या सिलिंडरमधून भरून दिलेली छोटी टाकी घेऊ नका. ते भरणं बेकायदेशीर आहेच, आणि त्या टाक्यांची तपासणी कधी झालेली नसते. पाच किलोचा कंपनीचा छोटा सिलिंडर नुसत्या ओळखपत्रावर मिळतो. पत्त्याचा पुरावा लागत नाही. इंडेनचा ‘छोटू’ हा त्यातलाच.

५. मेकॅनिक बोलवा आणि लेखी घ्या

एजन्सीत फोन करून किंवा कंपनीच्या ॲपवरून ‘सुरक्षा तपासणी’ मागा. दर पाच वर्षांनी घरी येऊन तपासणी करून घेणं बंधनकारक असतं, त्यामुळे तुम्ही काही जगावेगळं मागत नाही. तपासणीचा छापील फॉर्म असतो, त्यावर मेकॅनिकची आणि ग्राहकाची सही होते. आलेल्या माणसाचं ओळखपत्र बघा. गणवेश घालून, "सरकारी तपासणी आहे" असं सांगत दारोदार नळ्या विकणारेही फिरत असतात. आपण बोलावल्याशिवाय आलेल्याला आत घेण्याआधी एजन्सीला फोन करून खात्री करा.

फॉर्मवर ‘शेरा’ या रकान्यात नेमकं लिहून घ्या. ‘काम असुरक्षित’ एवढ्यानं भागत नाही. ‘नळीची मुदत संपली, नळी भिंतीतून गेली आहे, टी-जॉइंट लावलेला, गिझर बंद बाथरूममध्ये’ अशा शब्दांत हवं. प्रत तुमच्याकडे ठेवा. नळी किंवा रेग्युलेटर बदलला तर एजन्सीचं बिल घ्या, साधी चिठ्ठी नको.

इथे अडतं ते असं. मेकॅनिक तोंडानं सगळं सांगतो, "ताई, हे डेंजर आहे, वापरू नका" म्हणतो, पण लिहायचं म्हटलं की कचरतो. घरमालक आणि एजन्सीवाले एकाच मोहल्ल्यातले असतात, ओळखी असतात. त्याच्याशी हुज्जत घालू नका. तो गेल्यावर लगेच एजन्सीला ईमेल करा: आज अमुक वेळी तुमचा मेकॅनिक आला, त्यानं अमुक दोष दाखवले, फोटो सोबत आहेत, हे जोडणीचं काम तुमच्याकडून मंजूर आहे का ते कळवावं. शेवटचा प्रश्न महत्त्वाचा. प्लंबरनं केलेलं काम मंजूर आहे असं कुठली एजन्सी लिहून देणार नाही, आणि ‘मंजूर नाही’ हेच तर तुम्हाला हवं असतं.

उत्तर आलं नाही तर १८०० २३३३ ५५५ या तेल कंपन्यांच्या टोल-फ्री क्रमांकावर तक्रार नोंदवा. एजन्सीच्या ऑफिसात भिंतीवर कंपनीच्या विक्री अधिकाऱ्याचा संपर्क लावलेला असतो, त्याचाही फोटो काढून आणा.

६. घरमालकाला लिहा

आधी फोन करा, चांगल्या शब्दांत. नागपुरात निम्मे घरमालक ‘काका’ असतात आणि काकांना थेट नोटीस गेली की ते दुखावतात आणि गोष्ट मानापमानावर जाते. पण फोन झाला की त्याच दिवशी व्हॉट्सॲपवर ते लिखित करा. असं:

"काका नमस्कार. आज आपलं बोलणं झालं त्याप्रमाणे लिहीत आहे. गॅस एजन्सीच्या मेकॅनिकनं तपासणी करून पुढील दोष नोंदवले आहेत: (१) गिझर बंद बाथरूममध्ये बसवला आहे, (२) रबरी नळी भिंतीतून नेली आहे, (३) एका नळीवर दोन जोडण्या आहेत. अहवालाची प्रत व फोटो सोबत पाठवत आहे. दुरुस्ती होईपर्यंत आम्ही गिझर वापरणार नाही. कृपया पंधरा दिवसांत एजन्सीमार्फत काम करून घ्यावं. कामासाठी येण्याआधी एक दिवस कळवावं, म्हणजे आम्ही घरी थांबू."

यात कुठेही धमकी नाही, पण तारीख आहे, दोष आहेत, मुदत आहे. "एजन्सीमार्फत" हा शब्द गाळू नका. नाहीतर तोच प्लंबर नवी नळी घेऊन परत हजर होतो. पंधरा दिवसांत हालचाल नसेल तर हाच मजकूर कागदावर, सहीनिशी, स्पीड पोस्टानं पोचपावतीसह पाठवा.

मालकाचा माणूस न सांगता कुलूप उघडून काम करायला येत असेल तर: भाडे नियंत्रण कायद्यात मालकाला घर बघायचा हक्क आहे, पण आधी सूचना देऊन आणि वाजवी वेळी (कलम २८).

७. ऐकत नसेल तर कुठे जायचं

जास्त गोंधळ इथे होतो, कारण प्रत्येक ऑफिस तुम्हाला पुढच्या ऑफिसात धाडतं.

स्फोटकं आणि ज्वालाग्राही पदार्थांच्या सुरक्षेचं केंद्र सरकारचं मुख्य कार्यालय, पेसो, आपल्या सेमिनरी हिल्सलाच आहे. त्यामुळे कोणीतरी तिथे जायचा सल्ला देतंच. ते ऑफिस सिलिंडर आणि व्हॉल्व्ह यांना मान्यता आणि साठवणुकीचे परवाने बघतं. तुमच्या ओट्याखालच्या नळीसाठी तिथे रिक्षाभाडं घालवू नका.

अख्ख्या इमारतीचा प्रश्न असेल, म्हणजे जिन्यात सिलिंडर रचून ठेवलेत, पार्किंगमध्ये साठा आहे, बाहेर पडायची वाट अडवलीय, तर महापालिकेच्या अग्निशमन विभागाकडे लेखी तक्रार करा. मुख्यालय सिव्हिल लाइन्सला आहे. प्रत तुमच्या झोन ऑफिसला द्या. महापालिकेचे दहा झोन आहेत, तुमचा कोणता ते मालमत्ता कराच्या पावतीवर सापडतं. उंच इमारतींना २००६ च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना कायद्यानुसार दर जानेवारी आणि जुलैत अग्निसुरक्षा यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र द्यावं लागतं. सोसायटीकडे ते मागून बघा. आणि पत्त्यात ‘नागपूर’ असलं तरी बेसा-पिपळा, वाडी, हिंगणा हे महापालिकेच्या हद्दीत येत नाहीत. तिथे त्या-त्या नगरपंचायतीकडे किंवा नगरपरिषदेकडे जावं लागतं. मोठ्या सिलिंडरमधून छोट्यात गॅस भरणं किंवा घरगुती सिलिंडर खानावळीला वापरणं हा विषय अन्नधान्य वितरण कार्यालयाचा आणि पोलिसांचा.

पोलीस ठाण्यात "हा घरमालक-भाडेकरूचा दिवाणी मामला आहे" असं म्हणून परत पाठवतात. पैशाचा वाद दिवाणी असतो, ते खरं. पण आगीच्या किंवा ज्वालाग्राही पदार्थाच्या बाबतीत माणसाच्या जिवाला धोका होईल असा निष्काळजीपणा करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २८७ खाली गुन्हा आहे. अर्जात हे कलम लिहा, मेकॅनिकचा अहवाल जोडा आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह शिक्का घेतल्याशिवाय ठाण्यातून निघू नका.

वकील परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयातलं जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. राष्ट्रीय हेल्पलाइन १५१००.

८. भाड्यातून कापता येतं का?

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम १४ प्रमाणे, करारात उलट काही ठरलेलं नसेल तर घर राहण्यायोग्य ठेवणं ही मालकाची जबाबदारी आहे. किमान पंधरा दिवसांची नोटीस देऊनही त्यानं वाजवी वेळात दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरू ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मर्यादा एका वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शाची. महिना १२ हजार भाडं असेल तर वर्षाचे १ लाख ४४ हजार, म्हणजे कमाल ३६ हजार.

पण थांबा. हे कलम ‘भाडेकरू’साठी आहे. आज नागपुरात फ्लॅट मिळतो तो बहुतेक अकरा महिन्यांच्या लीव्ह अँड लायसन्सवर, आणि त्यात तुम्ही कायद्याच्या भाषेत भाडेकरू नसता, लायसन्सी असता. तुमचा हक्क मुख्यतः करारात काय लिहिलंय त्यावर उभा राहतो. म्हणून कोणी हे कलम पाठवलं की लगेच पैसे कापू नका. करारनामा उघडा, वर काय शीर्षक आहे ते वाचा, आणि लायसन्स असेल तर मालकाची व्हॉट्सॲपवर तरी लेखी संमती घेऊन मगच खर्च वळता करा.

भाडं पूर्ण थांबवणं हा तर मालकाच्या हातात कोलीत देण्याचा प्रकार. मग चर्चा गिझरवरून तुमच्या थकबाकीवर जाते.

करार नुसता स्टॅम्प पेपरवर नोटरी केलेला आहे? "अकरा महिन्यांचा करार नोंदवायची गरज नसते" हे नागपुरात सगळे सांगतात आणि महाराष्ट्रात ते चूक आहे. कलम ५५ प्रमाणे भाडेकरार असो की लीव्ह अँड लायसन्स, नोंदणी सक्तीची आहे आणि ती जबाबदारी मालकाची आहे. न केल्यास त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. शिवाय नोंदणी नसेल तर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरलं जातं. हे सौम्यपणे मालकाच्या कानावर घातलं तरी पुष्कळदा गिझर बाल्कनीत जातो.

रागानं मालकानं पाणी किंवा वीज तोडली तर भाडेकरूला कलम २९ खाली न्यायालयात दाद मागता येते. तोडताना कोणी दारात उभं असेल तर आधी ११२.

९. फाइलमध्ये काय हवं

- करारनामा, नोंदणीची पावती, अनामत रक्कम दिल्याचा पुरावा
- भाड्याच्या पावत्या; मालक देत नसेल तर बँकेतून दिल्याच्या नोंदी
- गॅसचं कार्ड किंवा ग्राहक क्रमांक, कोणाच्याही नावाचं असो
- तारखेचे फोटो, शक्य तर एक सलग व्हिडिओ
- मेकॅनिकचा फॉर्म किंवा एजन्सीचं ईमेल, १९०६ चा तक्रार क्रमांक
- मालकाला पाठवलेले मेसेज आणि पोस्टाची पोचपावती
- डोकेदुखी-मळमळीसाठी डॉक्टरकडे गेला असाल तर ती चिठ्ठी

व्हॉट्सॲपचे नुसते स्क्रीनशॉट ठेवू नका. पूर्ण चॅट ईमेलवर पाठवून ठेवा, मोबाइल बदलला की सगळं जातं.

१०. पुढचं घर घेताना

टोकन द्यायच्या आधी स्वयंपाकघर आणि बाथरूम दोन्हीकडे जा, ओट्याखालचं कपाट उघडा आणि नळी कुठून कुठे जाते ते डोळ्यांनी बघा. ब्रोकर घाई करेल, करू द्या. मग करारात या ओळी घालून घ्या. मालकानं मान्य केल्या तर उत्तम, आणि कां-कू केली तर तेही आत्ताच कळलेलं बरं:

"जागेतील गॅसची जोडणी, दुरुस्ती किंवा बदल फक्त गॅस वितरकाच्या अधिकृत मेकॅनिककडून करून घेतला जाईल. गॅसवर चालणारा गिझर बाथरूमच्या आत बसवला जाणार नाही. वितरकाने लेखी दाखवलेला दोष मालक पंधरा दिवसांत स्वखर्चाने दूर करतील. न केल्यास राहणारी व्यक्ती तो दूर करून खर्च पुढील भाड्यातून वळता करू शकेल, किंवा लॉक-इन कालावधी न पाळता पूर्ण अनामत रकमेसह जागा सोडू शकेल."